बरी झाली

सात दारं होती. प्रत्येक दाराबाहेर दीड मिनिट,
भिंतीला चिकटवलेला प्रश्न, मग घंटी,
मग आत सहा मिनिटं एक अनोळखी चेहरा.
सगळं साडेअकराला संपलं.
आता संध्याकाळचे सात. ॲबरडीन कधीच मागे पडलंय,
बोट कर्कवॉलच्या दिशेने डुलत निघालीय
आणि मी अजून तिसऱ्या दारातच उभी.

वहीत गुण मांडून पाहिले, दहापैकी.
पहिल्या खोलीला सात, कारण बाई हसल्या.
मग आठवलं, माझ्यानंतर आत शिरणाऱ्या
ग्लासगोच्या त्या लंबूलाही त्या तेवढंच हसल्या होत्या.
सहा केले.
दुसरीत एक यकृत आणि दोन रुग्ण.
निकष, न्याय, निकड, सगळं एका दमात,
पाढे म्हटल्यासारखं.
समोरच्या सरांनी जांभई गिळली. जबडा हलला तो मला दिसला.
पण ते सकाळी आठपासून त्याच खुर्चीत होते,
तो हिशेब कुठल्या रकान्यात धरायचा?

चौथीतल्या डॉक्टरांचं हिरवं पेन
मी बोलत असताना थांबलं.
थांबलं म्हणजे काय?
लिहिण्याजोगं काही उरलं नाही,
की ऐकावंसं वाटलं?
नाडी निदान हाताला लागते.

तिसरी.
तिथे एक नट बसला होता, करड्या स्वेटरमधला,
माझा शेजारी म्हणून. त्याची मांजर माझ्या गाडीखाली गेलीय,
हे मी त्याला सांगायचं.
कोपऱ्यात एक बाई, मांडीवर कागद.
सांगितलं.
तो काहीच बोलला नाही. मीही नाही.
सहानुभूतीची चार वाक्यं नेली होती मी घरून,
इस्त्री करून, घडी घालून.
एकही बाहेर निघेना.
मिनिटभर तरी गेलं असेल. कोपऱ्यातला कागद सळसळला.
शेवटी विचारलं, नाव काय होतं तिचं?
तो जरा अडला. म्हणजे नाव
त्याला पढवलेल्यात नव्हतं.
"मॉडी," म्हणाला, आणि मग त्याचे डोळे...
नटच तो. त्याचेच पैसे मिळतात त्याला.
घंटी वाजली. माफी मागायची राहूनच गेली.

शून्य लिहिलं. खोडलं.
जागा कोरी ठेवली.

खालच्या कॅन्टीनमध्ये अर्धं बेट भेटलं.
बाबांनी खाद्याच्या दुकानात सांगितलं असणार,
म्हणजे झालंच.
विनी फॉबिस्टर चहाचा कप हातात देत म्हणाली, "काय गं इंगा, कशी झाली?"
म्हातारा ड्रेव्हर गुडघा चोळत म्हणाला,
"पाच वर्षं ना? थांबतो मी. आणि हा पण थांबेल."
"बरी झाली," मी म्हणाले सगळ्यांना.
बरी. चांगली नाही, वाईट नाही,
पुढे विचारू नका एवढंच सांगणारी.
वर डेकवर येऊन वारा खाल्ला.
पाचवी, सहावी, सातवी मला आठवतच नाहीत.
कुणीतरी माझ्याऐवजी जाऊन आलं असावं.

अकरा वाजून गेले होते. धक्क्यावर बाबांची व्हॅन, दिवे चालू.
अंगाला आयोडीनचा वास, बाही कोपरापर्यंत भिजलेली.
बॅग घेतली माझ्या हातातून. विचारलं काहीच नाही.
रस्त्याला लागल्यावर मीच विचारलं,
"ती बरी झाली?"
ब्रिडी व्याल्यापासून पडून होती गोठ्यात. परवा मी निघाले तेव्हा
कान गार होते तिचे.
"उभी राहिली," बाबा म्हणाले. "दोनदा. मग बसली परत."
"डॉक्टर काय म्हणाले?"
"काय म्हणणार. सुई टोचली.
मग किती तरी वेळ नुसता तिच्या पाठीवर हात ठेवून उभा होता.
सकाळी कळेल."

त्यांनी वायपर लावले.
पाऊस नव्हता. मीठ होतं काचेवर, समुद्राचं,
ते पुसलं जायच्याऐवजी पसरत गेलं.